तुम्ही खंडाळ्याला उतरता

१९२० चा जानेवारी. तुम्ही कोल्हापुरात भवानी मंडपाच्या कमानीखाली उभे आहात. अंगावर घोंगडं, पायात करकरणारी कापशी चप्पल. टांगे अंबाबाईच्या देवळाकडं वळताहेत. इथून चार पावलं चाललात की पॅलेस थिएटर लागेल, त्याला लागून खासबागेचं कुस्तीचं मैदान. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं हे नाट्यगृह १९१५ मध्ये सुरू झालं. केशवराव भोसल्यांचं नाव त्याला अजून मिळायचंय. केशवराव हयात आहेत, गाताहेत.

आज रात्री खेळ असेल तर आत शिरा. पडदा वर गेला की पदर सावरत, लाजत जी नायिका पुढं येईल, तो पुरुष आहे. शेजारचा प्रेक्षक डोळे पुसेल आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटणार नाही. खरीखुरी बाई तिथं उभी राहिली असती, तर मात्र निम्मं थिएटर कुजबुजलं असतं.

बाई नाचते ती दुसरीकडं. सरदारांच्या बैठकीत, तमाशाच्या फडात, यल्लमाच्या वाटेवर. बाहेर पडा आणि त्या चौंडक्याच्या आवाजामागं जा. डोक्यावर देवीचा जग घेतलेली जोगतीण कपाळभर भंडारा लावून नाचते आहे. तिच्या भोवती माणसं आहेत, पण कोणी तिच्या फार जवळ जात नाही. याच महिन्यात कोल्हापूर दरबारनं कायदा केलाय. देवाला मुली सोडण्याची, जोगतिणी-मुरळ्यांची प्रथा संस्थानात बंद. तुम्ही तिला विचारता, हे तुला कळलं का?

"कळलं की. पोरी सोडू नका म्हंत्यात, ते बेस झालं. पर आमी? आमचं नाचनं देवाला चालतंय, मानसाच्या घरात चालत न्हाई. आता आमी बसायचं कुटं?"

कायदा योग्यच होता. कोवळ्या मुलींचं आयुष्य देवाच्या नावानं दुसऱ्यांच्या हवाली करणारी रीत मोडायलाच हवी होती, आणि ती मोडण्याची हिंमत या राजानं दाखवली. तरी त्या बाईचा प्रश्न तसाच उरतो. तो मनात ठेवा. पुढच्या प्रवासात तो पुन्हा पुन्हा समोर येणार आहे.

त्याच गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट पुरा केलाय. पुढच्या महिन्यात तो पुण्याच्या आर्यन थिएटरात लागेल. त्यात दोन स्त्रिया आहेत, गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी. कॅमेऱ्यापुढं उभं राहण्याची किंमत त्यांनी आपापल्या समाजात मोजली. कोल्हापूरला कलेचं गाव म्हणतात ते खरं आहे, पण १९२० मध्ये इथल्या एखाद्या शिकल्या-सवरल्या घरातल्या मुलीनं "मला नाच शिकायचाय" असं म्हटलं असतं, तर घरात चूल पेटली नसती.

रात्रीच्या गाडीत बसा. कोल्हापूर-मिरज रूळ १८९१ चे. मिरजेहून मीटर गेजची गाडी पुण्याकडं धावते, पुण्यात गाडी बदलावी लागते. डोळा लागू द्या. जाग येईल तेव्हा आठ वर्षं उलटलेली असतील.

१९२८. मुंबई, परळ. जुनं गव्हर्न्मेंट हाउस. गव्हर्नरांच्या या निवासात आता हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, आणि दालनांमधून काचेची भांडी, उंदरांचे पिंजरे आणि प्लेगची लस. तुम्ही कोल्हापूरकर आहात. प्लेगच्या साथीत गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिलेली माणसं तुम्ही पाहिलीत. या इमारतीचं नाव तुम्हाला परकं नाही. इथल्या संशोधकांत साहिबसिंग सोखे नावाचे लष्करी वैद्यकसेवेतले एक डॉक्टर आहेत. १९३२ मध्ये ते या संस्थेचे पहिले भारतीय संचालक होतील आणि १९४९ पर्यंत ती सांभाळतील.

पण तुम्ही आला आहात त्यांच्या पत्नीला बघायला.

लीला रॉय, लग्नानंतर लीला सोखे. जन्म १८९९, पूर्व बंगालातलं बारीसाल. वडील बंगाली जमीनदार आणि वकील, आई इंग्रज. शिक्षण दार्जिलिंगला आणि लंडनला. हातात व्हायोलिन. साहेबी वळणाच्या घरातल्या मुलीला त्या काळी जे जे शोभतं, ते सगळं तिला येतं. एकच गोष्ट तिनं करू नये अशी सगळ्यांची अपेक्षा आहे आणि ती नेमकी तीच करायला निघालीय. सीताराम प्रसादांकडं ती कथक शिकते आहे. पुढं लखनौच्या अच्छन महाराज आणि लच्छू महाराजांकडंही शिकेल.

खोलीत शांत बसा. गुरुजी बोल म्हणतात, सारंगीवर लेहरा फिरतो आहे, आणि तिशीकडं झुकलेली ही बाई पुन्हा पुन्हा तोच तत्कार करते आहे. या वयात सुरुवात करणाऱ्याला पाय लवकर दाद देत नाहीत. घोटे सुजतात, सम हुकते, तिहाई एक मात्रा आधीच संपते. ती थांबत नाही. मला या बाईबद्दल पहिला आदर वाटतो तो इथं. तिच्या पुढच्या विदेशी दौऱ्यांची वर्णनं पुष्कळ झाली. पण हाताशी सगळं ऐश्वर्य असताना घोटे सुजेपर्यंत पाय आपटत राहणं, तेही ज्या विद्येला आपल्या वर्तुळात 'नाचगाणं' म्हणून हिणवतात तिच्यासाठी, हे सोपं नव्हतं.

तिला बळ दिलं ते आना पावलोव्हानं. ही रशियन नर्तिका १९२०च्या दशकात दोनदा हिंदुस्थानात आली. पहिल्या भेटीत तिनं इथं नाच शोधला आणि तिला तो सहजी सापडला नाही. प्रतिष्ठितांच्या घरात तिला दाखवायला कोणाकडं काही नव्हतं. उदयशंकर नावाच्या तरुण चित्रकाराला हाताशी धरून तिनं १९२३ मध्ये लंडनला राधा-कृष्णाचं नृत्य बसवलं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून लंडनला चित्रकला शिकायला गेलेला हा मुलगा त्यातूनच नर्तक झाला. मद्रासकडं रुक्मिणीदेवींना आणि मुंबईत लीला सोखेंना पावलोव्हानं तोच धीर दिला, की तुमच्या देशाचं नृत्य तुमच्याच देशात शोधा. परकी बाई येऊन सांगते तेव्हा आपल्याला आपलं दिसतं, याचं मला वाईट वाटतं. पण घडलं ते असं.

१९२८ मध्येच मुंबईत लीला पहिल्यांदा लोकांसमोर नाचली. नाव घेतलं मेनका. सभागृहात तुम्ही मागच्या रांगेत आहात. पुढं मुंबईचे उच्चभ्रू बसलेत, पारशी, गुजराती, इंग्रज, काही मराठी. बॅरिस्टरची मुलगी आणि लष्करी वैद्यकसेवेतल्या अधिकाऱ्याची पत्नी तिकीट लावून नाचते आहे, हे बघायला निम्मे आलेत. नाच बघायला आलेले थोडे. दिवे मंदावतात, घुंगरू वाजतात आणि मेनका पुढं येते. तिची नजर प्रेक्षकांतल्या एखाद्या रसिकावर रेंगाळत नाही. बैठकीतला भाव समोर बसलेल्या माणसाला उद्देशून असतो. तिचा भाव रंगमंचावरच्या दुसऱ्या पात्राशी बोलतो. फरक छोटा वाटतो, पण पुढची सगळी वाट तिथूनच फुटते.

आता पुन्हा थोडं कोल्हापुरात डोकवा, १९३१ मध्ये. प्रभात फिल्म कंपनी अजून पुण्याला गेलेली नाही. 'अयोध्येचा राजा'चं चित्रीकरण चाललंय आणि तारामती म्हणून दुर्गा खोटे उभ्या आहेत, मुंबईच्या सुखवस्तू घरातल्या, शिकलेल्या. त्यांना बघायला बाहेर गर्दी जमलीय. जो दरवाजा परळला मेनका ढकलते आहे, तोच इथं दुर्गाबाई ढकलताहेत. दोघींनाही आपापल्या घराण्याच्या नावाची ढाल मिळाली, जी गुलाबबाईंना मिळाली नव्हती.

१९३६ चा जुलै. बर्लिन.

जहाजाचा लांब प्रवास झाला आणि तुम्ही एका मोठ्या नाट्यगृहात बसला आहात. चौकाला नाझींच्या 'हुतात्म्या'चं, होर्स्ट वेसेलचं नाव आहे. ऑलिंपिकच्या आधी, १५ ते ३१ जुलै या काळात इथं आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरलीय. मेनकेचा संघ हिंदुस्थानकडून आलाय. सरोदवर लखनौचे सखावत हुसेन खाँ. संगीतरचना अंबिक मजुमदार यांची. नर्तकांत रामनारायण. विंगेत आईचा हात धरून दमयंती जोशी नावाची सात-आठ वर्षांची मराठी मुलगी उभी आहे. सोखे दांपत्याचं मूल दगावलं होतं. त्यांना ही मुलगी दत्तक हवी होती. आई वत्सलाबाई लेक सोडायला तयार झाल्या नाहीत. शेवटी दोन्ही घरांनी मिळून तिला वाढवायचं ठरलं.

पडदा वर जातो. युरोपच्या प्रेक्षकांना पूर्वेकडचा नाच म्हणजे गूढ धूर, साप, अर्धनग्न दासी, असं काहीतरी ठाऊक आहे. समोर येतात राजपूत आणि मुघल लघुचित्रांतून उतरल्यासारखे पोशाख. निव्वळ हिंदुस्थानी वाद्यांचा मेळ. निवेदन नाही, संवाद नाही. 'देवविजय नृत्य', 'कृष्णलीला', 'मेनका लास्यम्'. कथकमधला एकट्याचा तोडा तिनं अनेकांच्या पायांत वाटून दिलाय. एक ओळ थांबते, दुसरी उचलते, समेवर दोन्ही एकत्र येतात. कथा सांगताना जिथं कथक कमी पडतं तिथं कथकलीचा चेहरा येतो, जिथं मऊपणा हवा तिथं मणिपुरी. 'मॉडर्न' हा शब्द तेव्हा युरोपात मारी विगमन आणि लाबान यांच्या नाचासाठी वापरतात. शास्त्र मोडून नव्यानं उभा केलेला नाच. मेनकेनं शास्त्र मोडलं नाही. तिनं त्याला रंगमंच दिला, कथा दिली, संघ दिला. मला हेही तितकंच आधुनिक वाटतं.

टाळ्या थांबत नाहीत. संघाचा गौरव होतो. ऑगस्टच्या १५ तारखेला ध्यानचंदांचा हॉकी संघ याच शहरात जर्मनीला ८-१ नं हरवेल. त्या विजयाची गोष्ट आपण अजून सांगतो. मेनकेची सांगत नाही.

पण टाळ्या वाजवायच्या आधी जरा बाहेर या. ज्यूंना बंदी असल्याच्या पाट्या पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून रस्त्यांवरून काढल्यात. कुर्त योस या नृत्यकारानं ज्यू सहकाऱ्यांना काढायला नकार दिला होता आणि १९३३ मध्येच त्याला देश सोडावा लागला. अमेरिकेच्या मार्था ग्रॅहमनं या महोत्सवाचं निमंत्रण परत केलं. महोत्सवाचा कर्ता रुडॉल्फ लाबान याचंच नवं नृत्य गोबेल्सनं जूनमध्ये बंद पाडलं. आणि १६ जुलैला, महोत्सव सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पोलिसांनी बर्लिनमधल्या शेकडो रोमा-सिंती माणसांना उचललं आणि शहराच्या कडेला मार्त्साहनच्या छावणीत नेऊन टाकलं. ही माणसं हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघालेली. त्यांच्या बोलीतले आकडे ऐकाल तर निम्मे ओळखीचे वाटतील. रंगमंचावरच्या हिंदुस्थानी पावलांना टाळ्या, आणि त्याच मुळाच्या माणसांना छावणी.

मेनकेनं हे पाहिलं का, तिला हे कळलं का, याबद्दल तिच्या वतीनं मी बोलणार नाही. ती नाचली, आणि पुढची दोन वर्षं युरोपभर नाचत राहिली. दौऱ्यात साडेसातशेच्या आसपास प्रयोग झाले आणि त्यातले पुष्कळ जर्मनीत. रिचर्ड आइशबेर्गच्या १९३८ मधल्या 'एश्नापूरचा वाघ' या जर्मन चित्रपटातही तिचा संघ नाचताना दिसतो. ग्रॅहमनं नकार दिला आणि मेनकेनं दिला नाही, एवढी नोंद तिच्या चरित्रात राहिली पाहिजे. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनी ती पुसू नये.

आता परत फिरा.

१९३९ चा श्रावण. पुण्यात गाडी बदलून तुम्ही मुंबईच्या गाडीत बसलात. विजेचं इंजिन लागलंय, लोणावळा मागं पडलं, धुकं खिडकीतून आत येतंय. तुम्ही खंडाळ्याला उतरता.

फलाटावर चिटपाखरू नाही. एक हमाल घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन उभा आहे.

"नाचाच्या शाळंत जायचं का? बाईसाहेबांच्या?"

"लांब आहे?"

"न्हाई. घुंगरं ऐकू आली की पोचलाच समजा."

चिखलातून चढ चढताना खरोखर ते ऐकू येतात. युरोपहून परतल्यावर मेनकेनं इथं 'नृत्यालयम्' उघडलं. मुंबईच्या समाजापासून लांब आणि गाडीच्या वाटेवर असं हे ठिकाण. हिंदुस्थानात तेव्हा नाच शिकायचा तर गुरूच्या घरी राहायचं, त्याची मर्जी सांभाळायची, मिळेल तेवढं घ्यायचं. आणि मुलीला गुरूच्या घरी पाठवायला कोणतं घर तयार होणार? केरळात वळ्ळत्तोळ यांनी कलामंडलम् उभं केलं होतं, मद्रासला रुक्मिणीदेवींचं कलाक्षेत्र सुरू झालं होतं, अल्मोड्याला उदयशंकर आपलं केंद्र उभारत होते. पश्चिमेकडं, मराठी मुलखात, हे काम एका बंगाली बाईनं सह्याद्रीच्या माथ्यावर केलं.

आत या. पाय पुसून कडेला बसा. सकाळ उगवून फार वेळ झालेला नाही. मुलींची एक रांग भिंतीकडं तोंड करून तत्कार करते आहे. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आधी बरोबरीच्या लयीत, मग दुप्पट, मग चौपट. ओल्या हवेत घुंगरांचा आवाज जड वाटतो. पलीकडच्या खोलीत कथकलीचे डोळे फिरवण्याचे धडे चाललेत. नजर कोपऱ्यात नेऊन तिथंच धरायची, पापणी लवता कामा नये. मणिपुरीचा धडा सर्वांत शांत, पाऊल पडल्याचं कळतही नाही. मणिपुरीचे बिपिन सिंग मेनकेकडं आले आणि मुंबईच्या बाजूलाच रमले. पुढं झवेरी भगिनींना त्यांनी घडवलं आणि ते नृत्य जगभर गेलं.

एका शैलीतलं थोडं येतं आणि दुसरीतलं थोडं, असं इथं चालत नाही. आधी प्रत्येक शैली तिच्या स्वतःच्या शिस्तीत शिकायची, मग रचनेत ती कुठं वापरायची हे मेनका ठरवणार. पुढच्या काळात 'फ्यूजन'च्या नावाखाली जे सैलसर बघायला मिळालं, त्याच्या शेजारी ही शिस्त ठेवून बघा.

रांगेतल्या मुलींकडं नीट बघा. ती शिरीन वजिफदार, पारशी घरातली. पारशी मुलीनं भारतीय शास्त्रीय नृत्य शिकायचं, हे तोवर जवळजवळ कोणी केलं नव्हतं. पुढं ती आपल्या बहिणींना, खुर्शीदला आणि रोशनला, शिकवेल, आणि वजिफदार भगिनी म्हणून तिघी देशभर नाचतील. आणि ती पुढची, लहान चणीची, जिचा पाय एकदाही चुकत नाही, ती दमयंती. बर्लिनच्या विंगेत उभी असलेली मुलगी आता दहा वर्षांची झालीय.

दुपारी पाऊस उघडतो आणि तालीम सुरू होते. 'मालविकाग्निमित्रम्'. मेनकेनं शेवटच्या मोठ्या नृत्यनाट्यासाठी कालिदासाचं हे नाटक निवडलं, आणि यापेक्षा नेमकी निवड दुसरी असू शकली नसती. नाटकातली मालविका म्हणजे विदर्भाची राजकन्या. आपल्याच मुलखातली. संकटात सापडून ती ओळख लपवून अग्निमित्राच्या राजवाड्यात दासी म्हणून राहते आणि गणदासाकडं नृत्य शिकते. गणदास आणि हरदत्त या दोन नृत्यगुरूंचं भांडण होतं, श्रेष्ठ कोण? निवाडा करायला बसवतात एका संन्यासिनीला, आणि ती सांगते की गुरूंची परीक्षा त्यांच्या शिष्यांच्या नाचावरून होईल. मालविका सभेत येते, नाचते. दासी समजून सगळे बघताहेत. नाचणारी राजकन्या आहे.

त्या प्रसंगाची तालीम बघताना तुमच्या लक्षात येईल की मेनका स्वतःचीच गोष्ट सांगते आहे. दासीचं मानलं गेलेलं नृत्य राजकन्या सभेत करते. राजकन्या आहे हे कळल्यावर मग नृत्यही राजघराण्याचं ठरतं.

आणि इथं तुम्हाला १९२० मधली ती जोगतीण आठवली पाहिजे. मेनकेच्या सगळ्या कामात मला टोचणारी जागा हीच आहे. कथक जपलं ते दरबारातल्या कथिक घराण्यांनी आणि कोठ्यांवरच्या तवायफांनी. भाव सांगण्याची निम्मी विद्या त्या बायकांकडं होती. नाच 'प्रतिष्ठित' झाला तेव्हा गुरू म्हणून पुरुष बोलावले गेले, शिष्या म्हणून घरंदाज मुली आल्या, आणि त्या बायका मधल्यामधे गळाल्या. आकाशवाणीच्या दारातसुद्धा पुढं त्यांना अडवलं गेलं. महाराष्ट्रात लावणी नाचणारीचं तेच झालं. तिच्या अदा चित्रपटानं उचलल्या आणि ती फडातच राहिली. मेनकेनं हे हेतुपुरस्सर केलं असं मी म्हणत नाही. तिला दरवाजा उघडायचा होता आणि तिनं तो उघडला. पण आत येणाऱ्यांची यादी तिच्या वर्गानं केली.

तरीही त्या खोलीत बसलेलं असताना माझं मन तिच्याच बाजूला झुकतं. चाळिशीची ही बाई घाम पुसत एका मुलीचं मनगट धरून हात नेमका कुठं थांबायला हवा ते दाखवते आहे. समोरच्या मुली बंगाली, मराठी, पारशी. त्यांच्यापैकी एकीलाही नाचते म्हणून आयुष्यभर खाली मान घालावी लागणार नाही. हे तिच्या आधी नव्हतं.

तालीम संपते. युरोपात युद्ध पेटायला आता थोडेच दिवस उरलेत. दौरे थांबतील, पैसे आटतील, शाळा फार काळ तग धरणार नाही. मेनकेची तब्येतही साथ देईनाशी होईल. ३० मे १९४७ रोजी ती गेली. स्वातंत्र्य अडीच महिन्यांवर आलं होतं आणि वय पन्नाशीच्याही आत होतं.

इथून पुढं तुम्हाला गाडी लागणार नाही, वर्षं आपोआप सरकतात. त्याच १९४७ मध्ये पुण्यात रोहिणी भाटे नृत्यभारती सुरू करतात. ज्या लच्छू महाराजांनी मेनकेला शिकवलं, त्यांच्याकडूनच रोहिणीताईंनीही दीर्घकाळ विद्या घेतली. लच्छू महाराज पुढं मुंबईच्या चित्रपटांत गेले; 'मुघल-ए-आझम' आणि 'पाकीजा'मधली नृत्यं आठवा. दमयंती जोशी एकल कथक घेऊन देशभर फिरल्या, साडी नेसून कथक नाचण्याचा पायंडा त्यांनी पाडला. त्यांना १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मश्री मिळाली. दोन आयांनी वाढवलेली ही मुलगी २००४ मध्ये मुंबईत वारली.

आणि तुम्ही परत कोल्हापुरात आहात, आजच्या. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं आणि शहर ओक्साबोक्शी रडलं. ते बरोबरच होतं. पण पेठांतल्या आणि उपनगरांतल्या नृत्यवर्गांत संध्याकाळी घुंगरू वाजायचे थांबले नाहीत. शाळा सुटल्यावर मुली दप्तर ठेवून ओढणी कमरेला बांधतात. मिरजेच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तोंडावर आल्या की पढंतचे बोल पाठ करतात, आणि त्यांच्या आया दाराशी गप्पा मारत उभ्या राहतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. एकीच्याही घरी चूल पेटायची थांबत नाही.

त्या मुलींना लखनौ आणि जयपूर घराणं विचारलं तर धडाधडा सांगतात. मेनकेचं नाव सांगता येणाऱ्या फार थोड्या. खंडाळ्यात पिकनिकला सगळे जातात, तिथं हिंदुस्थानातल्या पहिल्या काही नृत्यशाळांपैकी एक होती हे क्वचितच कोणाला ठाऊक असतं. त्या मुलींना शिकवणाऱ्या ताईंना माझं कळकळीचं सांगणं आहे. पुढच्या वर्गात पंधरा मिनिटं काढा. मेनकेचं नाव सांगा, बर्लिनचा गौरव सांगा, बर्लिनची ती छावणीही सांगा, आणि ज्यांच्या नावाचा एकही कागद उरला नाही त्या नाचणाऱ्या बायकांबद्दलही बोला. दमयंतीबाईंनी आपल्या गुरूवर लिहिलेलं 'मॅडम मेनका' हे छोटेखानी इंग्रजी पुस्तक संगीत नाटक अकादमीनं १९८९ मध्ये छापलं. ते मिळवा आणि वाचा. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीनं ते मराठीत आणायला घेतलं, तर तिला हवी ती मदत करा.